नृत्यसाधिका ॲना पावलोवा

रशियाच्या झारांची राजधानी सेंट पीटर्सबर्ग ही नेवा नदीच्या मुखाशी वसलेली वैभवशाली नगरी होती. भव्य राजवाडे, सोनेरी कळसांची प्रार्थनामंदिरे आणि रुंद राजमार्ग यांनी ती नटलेली होती. पण या वैभवाच्या सावलीतच दारिद्र्यही नांदत होते. अशाच एका गरीब घरी १८८१ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या १२ तारखेस ॲना पावलोवा हिचा जन्म झाला. तिची आई ल्युबोव्ह ही लोकांचे कपडे धुऊन चरितार्थ चालवीत असे. वडिलांचे छत्र ॲनाला लाभले नाही. दिवस पुरे भरण्यापूर्वीच जन्मलेली ही मुलगी इतकी अशक्त होती, की ती जगते की नाही याचीच घरच्यांना धास्ती वाटे. शहराच्या दमट हवेपासून दूर राहावी म्हणून तिला लिगोवो या जवळच्या खेड्यात आजीकडे ठेवण्यात आले. तेथील रानात एकटीने हिंडावे, फुले वेचावी, चतुरांच्या मागे धावावे, यातच तिचा दिवस सरे. पंख पसरून तरंगणारे ते इवलेसे जीव तिच्या मनात कायमचे घर करून राहिले.

ॲना आठ-नऊ वर्षांची असताना आईने मोठ्या काटकसरीने पैसे साठवून तिला मरिन्स्की नाट्यगृहात ‘निद्रिस्त सुंदरी’ हा बॅले पाहावयास नेले. चायकोव्हस्कीचे संगीत, मारियुस पेतिपाची नृत्यरचना आणि रंगभूमीवर उजळलेली ती परीकथा पाहून ती मुलगी भान हरपून गेली. मध्येच मुलामुलींच्या एका समूहाने नृत्य केले, तेव्हा तुलाही यांच्यासारखे नाचावयास आवडेल काय, असे आईने सहज विचारले. त्यावर ॲनाने निश्चयाने सांगितले, की आपण यांच्यात नव्हे, तर त्या राजकन्येप्रमाणे एकटीच नाचू. आईला हसू आले असेल. पण मुलीच्या मनात त्या रात्री जे बीज पडले, ते पुढे कधीही करपले नाही.

बॅले म्हणजे शब्दांचा आधार न घेता केवळ नृत्य, मूकाभिनय आणि संगीत यांच्या द्वारे सांगितलेली कथा. या कलेचा उगम इटलीतील राजदरबारांत झाला. पुढे फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६६१ साली पॅरिस येथे नृत्याची अकादमी स्थापून तिला शास्त्राची शिस्त लावली. म्हणूनच बॅलेतील बहुतेक संज्ञा फ्रेंच भाषेतील आहेत. रशियात १७३८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे दरबारी नृत्यशाळा निघाली आणि दीडशे वर्षांत रशियन लोकांनी ही परकी कला इतकी आत्मसात केली, की ती त्यांच्या राष्ट्राचे भूषण होऊन बसली. ही कला दिसावयास फुलासारखी हलकी; पण साधावयास अतिशय कठीण. पायांच्या पाच मूळ स्थिती, मांड्यांच्या सांध्यापासून पाय बाहेरच्या बाजूस वळविणे, पावलांच्या अग्रांवर सारा देह तोलून धरणे, या गोष्टी शरीराला सहजपणे येत नाहीत. लहान वयापासून रोज, एकही दिवस न चुकता, भिंतीलगतच्या दांडीचा आधार घेऊन त्यांचा सराव करावा लागतो. गवयाला जसा पहाटेचा खर्ज सुटत नाही, किंवा मल्लाला जोर-बैठका सुटत नाहीत, तशी बॅलेच्या नर्तकाला ही दांडी कधीच सुटत नाही.

ॲनाने या दरबारी नृत्यशाळेत जाण्याचा हट्ट धरला. परंतु वय लहान आणि प्रकृती नाजूक, म्हणून पहिल्या खेपेस तिला परत पाठविण्यात आले. निराश होऊनही तिने आपला हेका सोडला नाही. अखेर १८९१ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, तिला तेथे प्रवेश मिळाला. शाळेचा खर्च सरकारी खजिन्यातून होत असे आणि विद्यार्थिनींना तेथेच राहावे लागे. घंटा होताच उठावे, थंड पाण्याने अंग धुवावे, प्रार्थना म्हणावी आणि मग नृत्याच्या वर्गात जावे, असा कडक क्रम असे. दुपारी भाषा, गणित, संगीत हे विषय आणि त्यानंतर पुन्हा नृत्य. आठ वर्षे या चाकोरीत काढल्यावाचून कोणालाही रंगभूमीचे दार उघडत नसे.

ॲनाची वाट तर इतरांहून अधिक बिकट होती. त्या काळी इटलीतून आलेल्या नर्तकींचा मोठा बोलबाला होता. त्यांची शरीरे आटोपशीर, पीळदार व बळकट असत आणि एका पायावर भिंगरीसारख्या गिरक्या घेऊन त्या प्रेक्षकांना थक्क करीत. पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने तर एकामागून एक अशा ३२ गिरक्या घेऊन राजधानीला वेड लावले होते. ॲना मात्र हडकुळी होती. हातपाय लांब, घोटे बारीक आणि पावलांची कमान इतकी उंच, की शरीराचा भार पेलताना तिला विलक्षण कष्ट पडत. सोबतिणी तिला केरसुणी म्हणून चिडवीत. आपणही त्या इटालियन नर्तकीसारखे बळकट व्हावे, तशाच गिरक्या घ्याव्यात, या ईर्ष्येने ती वर्गात एकटीच धडपडत राही.

तिची ही धडपड तिचे गुरू पावेल गेर्ट यांच्या दृष्टीस पडली. त्यांनी तिला थांबविले आणि समजावून सांगितले, की असल्या कसरती इतरांसाठी सोडून दे. तुझ्या देहाला त्या मानवणार नाहीत आणि तुला त्यांची गरजही नाही. ज्या नाजूकपणाला तू उणीव समजतेस, तेच तुझे धन आहे. त्यातूनच तुझे नृत्य घडव. शिष्येच्या आयुष्याला वळण लावणारा असा हा उपदेश होता. मात्र तिने त्याचा सोयीस्कर अर्थ लावला नाही. अनुकरण सोडले, पण कष्ट सोडले नाहीत. ज्या भावना इतर नर्तकी केवळ चेहऱ्यावर दाखवीत, त्या बोटांच्या टोकांतून, मानेच्या वळणातून आणि पाठीच्या रेषेतून प्रकट व्हाव्यात, यासाठी तिने आपला सारा देह सतारीच्या तारेसारखा सुरात लावला.

पावलांच्या उंच कमानीवरही तिने स्वतःच तोड काढली. बॅलेच्या रेशमी पादत्राणात तळाशी कडक चामड्याचा तुकडा घालून आणि टोकाचा भाग थोडा सपाट करून तिने पायांना आधार मिळविला. ही लबाडी आहे, अशी टीका त्या वेळी काहींनी केली. परंतु पुढे नर्तकींसाठी जी पादत्राणे प्रचारात आली, त्यांत तिची हीच युक्ती थोड्याफार फरकाने स्वीकारली गेली.

१८९९ साली शिक्षण पुरे करून ॲनाने मरिन्स्की रंगभूमीवर पाऊल ठेवले. १९०२ साली ‘ला बायादेर’ या बॅलेमध्ये तिला निकिया या देवदासीची भूमिका मिळाली. या बॅलेची कथा भारतात घडते. परंतु त्यातील भारत हा युरोपीय कल्पनेने रंगविलेला, खऱ्या भारताशी फारसे नाते नसलेला असा होता. पुढच्याच वर्षी ‘जिझेल’ या बॅलेतील भोळ्या खेडवळ मुलीची भूमिका तिने अशी वठविली, की राजधानीतील रसिकांना जुन्याच कथेत नवा प्राण आल्यासारखे वाटले. १९०६ साली तिला प्रमुख नर्तकीचे पद लाभले. पद मिळाले म्हणून अभ्यास संपला, असे मात्र तिने मानले नाही. एन्रिको चेकेत्ती हे इटालियन गुरू अत्यंत कठोर म्हणून प्रसिद्ध होते. आपल्या पाठीतील व पायांतील दुबळेपणा घालविण्यासाठी ही मानमान्यता पावलेली नर्तकी त्यांच्यापुढे पुन्हा विद्यार्थिनी होऊन उभी राहिली.

याच काळात मिखाईल फोकिन या तरुण नृत्यरचनाकाराने तिच्यासाठी एक छोटेसे नृत्य बसविले. सां-साँस या फ्रेंच संगीतकाराची हंसावरील एक रचना त्यासाठी निवडण्यात आली. मरणोन्मुख झालेला एक हंस पाण्यावर तरंगत आहे. उडण्यासाठी तो पुनःपुन्हा पंख उचलतो. बळ ओसरत जाते. आणि शेवटी तो पंखांत मान घालून निश्चल होतो. सारे नृत्य जेमतेम दोन-तीन मिनिटांचे. त्यात उंच उड्या नाहीत की गिरक्यांची करामत नाही. पावलांच्या अग्रांवरील बारीक, अखंड पदन्यास आणि हातांची थरथर एवढेच काय ते. परंतु एवढ्या अल्प सामग्रीतून पावलोवाने जीवनाची ओढ आणि मृत्यूची अटळता अशी साकार केली, की पाहणाऱ्यांचे डोळे पाणावत. ‘मरणोन्मुख हंस’ आणि पावलोवा ही दोन नावे तेव्हापासून एकमेकांपासून निराळी राहिली नाहीत. ज्या सडपातळ देहाची एके काळी थट्टा झाली होती, त्याच देहावाचून हे नृत्य जन्माला येणे शक्य नव्हते.

राजाश्रय, मान, सुरक्षित वेतन, सारे काही तिला मायदेशी मिळाले होते. पण मरिन्स्की नाट्यगृहाच्या मखमली आसनांवर बसणाऱ्या मूठभर रसिकांपुरतीच आपली कला राहावी, हे तिच्या मनाला रुचेना. १९०८ सालापासून ती युरोपातील शहरांत प्रयोग करू लागली. १९०९ साली पॅरिस येथे द्यागिलेव्ह यांच्या सुप्रसिद्ध रशियन संघातही ती नाचली. पुढच्या वर्षी मिखाईल मोर्दकिन या नर्तकासह तिने न्यूयॉर्क व लंडन ही शहरे जिंकली. १९१२ साली तिने लंडनमध्ये ‘आयव्ही हाऊस’ नावाचे घर घेतले, तेथे एका तळ्यात हंस पाळले आणि काही इंग्रज मुलींना ती नृत्य शिकवू लागली. तळ्याकाठी बसून हंसांची मान कशी वळते, पंख कसे मिटतात, हे ती तासन्‌तास न्याहाळीत असे. १९१३ साली मरिन्स्कीशी असलेला तिचा संबंध संपला. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि त्यानंतर राज्यक्रांतीने जुना रशिया पार पालटून गेला. मायदेशाचे दर्शन तिला पुन्हा घडले नाही.

यापुढील तिचे आयुष्य म्हणजे एक अखंड प्रवासच होता. आपला संघ घेऊन ती उत्तर व दक्षिण अमेरिका, युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया या खंडांतून हिंडली. आगगाडीत झोपावे, उतरताच सराव करावा, रात्री प्रयोग करावा आणि पहाटे पुन्हा गाडी गाठावी, असे आठवडेच्या आठवडे चाले. मोठमोठ्या राजधान्यांप्रमाणेच, जेथे बॅले हा शब्दही कोणी ऐकला नव्हता अशा लहान गावांतही ती नाचली. १९१९ साली मेक्सिको शहरात नाट्यगृह अपुरे पडले, तेव्हा तिने बैलांच्या झुंजीसाठी बांधलेल्या प्रचंड रिंगणात प्रयोग केले आणि त्या देशाचे लोकनृत्य शिकून तेही आदराने सादर केले. संघातील मंडळींच्या वेतनाची काळजी तिलाच वाहावी लागे. युद्ध व क्रांती यांमुळे पोरक्या झालेल्या रशियन मुलींसाठी पॅरिसजवळ सां-क्लू येथे तिने एक आश्रम उघडला आणि आपल्या मिळकतीतील पैसा त्याकडे वळविला.

तिच्यावर टीका करणारेही होते. ती निवडीत असलेले संगीत कित्येकदा सामान्य असते, नव्या प्रयोगांपेक्षा जुन्या व गोड रचनांकडेच तिचा ओढा असतो, असे जाणकार म्हणत. आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु ज्यांनी तिचे नृत्य एकदा पाहिले, त्यांपैकी कित्येकांच्या आयुष्याची दिशाच बदलली. १९१७ साली पेरू देशातील लिमा शहरी फ्रेडरिक ॲश्टन नावाच्या एका शाळकरी मुलाने तिला पाहिले आणि आपणही नृत्यालाच वाहून घ्यावयाचे, असे ठरविले. पुढे तो इंग्लंडचा अग्रगण्य नृत्यरचनाकार झाला.

१९२२ साली पावलोवा पूर्वेकडील देशांच्या दौऱ्यावर निघाली. जपानमध्ये तिने तेथील गुरूंकडून नृत्याचे धडे घेतले. तेथून चीन, मलाया, ब्रह्मदेश असा प्रवास करीत ती भारतात आली आणि कलकत्ता, मुंबई येथे तिचे प्रयोग झाले. ज्या देशाची देवदासी तिने वीस वर्षांपूर्वी रंगभूमीवर उभी केली होती, तेथील खरे नृत्य पाहण्याची तिला विलक्षण उत्कंठा होती. पण तिच्या पदरी निराशा आली. त्या काळी प्रतिष्ठित घराण्यांत नृत्याला स्थान उरले नव्हते. देवळांतून व दरबारांतून पिढ्यान्‌पिढ्या ते जतन करणाऱ्या स्त्रियांकडे समाज तुच्छतेने पाहत होता. परक्या पाहुणीला अभिमानाने दाखवावी अशी आपल्याजवळ एक थोर कला आहे, याचाच सुशिक्षितांना विसर पडला होता. नृत्याच्या ज्या मुद्रा माणसांत तिला सहजी आढळल्या नाहीत, त्या अजिंठ्याच्या भिंतींवर मात्र शतकानुशतके जिवंत होत्या. या चित्रांपासून स्फूर्ती घेऊन १९२३ साली तिने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरील एक बॅले लंडनमध्ये सादर केला.

त्याच वर्षी लंडनमध्ये तिची उदय शंकर या तरुणाशी गाठ पडली. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत काही काळ शिकून तो तेथील रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचा अभ्यास करीत होता. नृत्याची रीतसर तालीम त्याला मिळाली नव्हती. परंतु त्याच्या अंगी उपजत लय होती. पावलोवाने ती ओळखली. भारतीय विवाहसोहळा आणि राधा-कृष्ण या विषयांवरील दोन नृत्ये त्याने तिच्यासाठी बसविली. त्यांपैकी दुसऱ्यात तो स्वतः कृष्ण झाला आणि जगविख्यात पावलोवा राधा झाली. तिच्या संघाबरोबर तो अमेरिकेतही हिंडला. तिच्या नृत्याने भारावून जाऊन त्याला बॅले शिकण्याची इच्छा झाली. पण तिने ती मानली नाही. तुझ्या देशात एवढी थोर परंपरा असताना तू आमचे अनुकरण का करावेस, तेथे जा आणि आपले धन शोध, असा तिच्या सांगण्याचा आशय होता. उदय शंकर यांनी तो उपदेश शिरोधार्य मानला. भारतात परतून त्यांनी स्वतःचा संघ उभा केला आणि १९३१ च्या मार्च महिन्यात पॅरिस येथे त्याचे प्रयोग सुरू करून भारतीय नृत्याचे नाव जगभर नेले.

१९२८ साली पावलोवा पुन्हा भारतात आली, तेव्हा मुंबईत तिचा प्रयोग पाहणाऱ्यांत मद्रासच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल या होत्या. पुढे ऑस्ट्रेलियाच्या प्रवासात दोघी एकाच जहाजावर होत्या आणि त्यांचा स्नेह जडला. रुक्मिणीदेवींनी तिच्या संघातील क्लिओ नॉर्दी या नर्तकीकडून बॅलेचे पाठ घेतले. त्यांनाही पावलोवाने स्वदेशाच्या नृत्याकडे वळण्यास सुचविले. रुक्मिणीदेवी भरतनाट्यम्‌ शिकल्या, लोकनिंदेची पर्वा न करता १९३५ साली त्यांनी ते रसिकांपुढे सादर केले आणि १९३६ साली मद्रास येथे ‘कलाक्षेत्र’ ही संस्था स्थापिली. भारतीय नृत्याच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय अर्थातच भारतीय गुरूंना आणि कलावंतांना आहे. वंशपरंपरेने ही विद्या सांभाळणाऱ्या घराण्यांना तर ते सर्वांत आधी आहे. परंतु गेर्ट यांनी एका हडकुळ्या मुलीला जे सांगितले होते, तेच त्या मुलीने मोठेपणी एका परक्या देशाच्या कलावंतांना सांगितले आणि ते योग्य वेळी सांगितले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

वय पन्नाशीकडे झुकले, तरी पावलोवाचा प्रवास थांबला नाही. सकाळचा सराव पूर्वीप्रमाणेच चालू होता. १९३१ च्या जानेवारी महिन्यात हॉलंडच्या दौऱ्यासाठी ती हेग या शहरी गेली. प्रवासात कडाक्याच्या थंडीने तिला गाठले आणि फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली. डॉक्टरांच्या उपायांना यश आले नाही. २३ जानेवारी रोजी, पन्नास वर्षे पूर्ण होण्यास अवघे तीन आठवडे उरले असताना, तिने देह ठेवला. अखेरच्या क्षणी तिने आपला हंसाचा पोशाख आणण्यास सांगितले, अशी कथा आहे. लंडनमध्ये तिला श्रद्धांजली वाहताना पडदा वर गेला, वाद्यवृंदाने हंसाची ती परिचित धून वाजविली आणि रित्या रंगभूमीवर केवळ प्रकाशाचा एक झोत फिरत राहिला. सभागृहातील प्रेक्षक उभे राहून ती रिकामी जागा पाहत होते.

गायकाचा सूर ध्वनिमुद्रिकेत राहतो, चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहते. पण नर्तकाची कला त्याच्या देहाबरोबरच निघून जाते. पावलोवाच्या नृत्याचे काही थोडे चित्रपट आज उपलब्ध आहेत. पण ते धूसर असून त्यांत तिच्या कलेची केवळ छाया दिसते. तिचे खरे स्मारक निराळ्याच ठिकाणी आहे. सूर्योदयाच्या वेळी एखाद्या नृत्यशाळेत दांडी धरून उभी असलेली मुलगी, किंवा घुंगरू बांधून गुरूपुढे पहिला तत्कार घेणारा मुलगा, आपल्या देहाला शिस्त लावता लावता स्वतःची ओळख करून घेत असतो. दुर्बल शरीर घेऊन जन्मलेल्या पावलोवानेही हेच केले. तिने आपल्या देहाचा द्वेष केला नाही, दुसऱ्याच्या देहाचा हेवा सोडून दिला आणि रोजच्या कष्टांनी त्याच देहातून सौंदर्य निर्माण केले.